विस्तवाला वाट ठेव

मुली, तू रत्नागिरीची. तुमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त. इथे निफाडला एखाद्या वर्षी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षाचे घड जपायला लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्यात तुझ्याजवळ तान्हं बाळ. दारं-खिडक्या लावून शेगडी आत ओढावी, हेच तुझ्या मनात पहिल्यांदा येणार. म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझ्या पहिल्या बाळंतपणात बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी असायची. ओवा, बाळंतशोपा टाकून धुरी द्यायची. वारा लागू नये म्हणून दार घट्ट आणि खिडकीत गोणपाट कोंबलेलं. एका रात्री माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळलं आणि मग अशी गुंगी आली की बाळ रडतंय हे ऐकू येत होतं, पण हात उचलेना. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनी दार उघडलं आणि आम्हा दोघांना तसंच ओट्यावर आणलं. कुडकुडत बसलो, पण वाचलो. ‘विस्तव आत असला की त्याला वाट ठेवायची,’ एवढंच त्या म्हणाल्या.

कारण पुष्कळ वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं. कोंडलेल्या हवेत कोळसा अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. आपलं रक्त प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेपटीहून घट्ट धरून ठेवतं. धूर निवला, निखारे लाल झाले की आपण निर्धास्त होतो, आणि घात तिथेच होतो. माणसाला वाटतं, ऊब लागून झोप येतेय. तेव्हा शेकून झालं की शेगडी अंगणात गेली पाहिजे. झोपायच्या खोलीत ती रात्रभर कधीही नको, मग घरातलं कोणी थोर माणूस का म्हणेना. शेगडीजवळ दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर बाम शोधत बसू नका. आधी उघड्यावर या आणि १०८ला फोन करा.

तुमच्या बाथरूममधला गॅसचा गिझर हासुद्धा विस्तवच, फक्त डब्यात घातलेला. तो बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या, याबाबतीत मी ऐकणार नाही. तोवर खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळीला आत जायचं. खिडकीची झडप पुठ्ठा लावून बुजवलेली मी पाहिली आहे. तो पुठ्ठा आजच काढ.

पाणी तापवायचा रॉड वापरलास तर तो पाण्यात खुणेपर्यंत बुडाल्यावरच बटण दाबायचं. पाणी तापलं का ते बघायला बोट घालायच्या आधी बटण बंद आणि प्लग बाहेर. लोखंडी बादली तर नकोच. मीटरजवळ ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनला विचार. एमसीबी वायर वाचवतं. करंट गळून माणसाच्या अंगातून जायला लागला की वीज तोडतं ते आरसीसीबी. खोलीतला हीटर २००० वॉटचा असेल तर १६ अँपियरच्याच सॉकेटला लाव, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. आणि बाळाची दुपटी, लंगोट त्यावर वाळत घालू नकोस. घाईत सगळ्याच आया ते करतात.

बिलाचं म्हणशील तर तो हीटर तासाला २ युनिट खातो. तेवढ्याच ताकदीचा विजेचा गिझर अर्ध्या तासात १ युनिट. १५ लिटरची बादली १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहूनही कमी वीज पुरते. बाकीची वीज गिझर उगाच चालू राहिल्याने जाते. म्हणून काटा ५० अंशांवर ठेव आणि सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरका. गच्चीवरच्या सोलरच्या काचेवरची धूळ आठवड्याला पूस; नळातून आधी येणारं गार पाणी भांड्यांना घे. बाळाच्या टबात मात्र आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघायचं. उलटं केलंस आणि मध्येच फोन वाजला तर टबात नुसतं कढत पाणी उरतं.

खोली तापवण्यापेक्षा अंग झाकणं स्वस्त पडतं. दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत ऊन खोलवर आत येतं. दुपारभर पडदा उघडा ठेव, दिवस कलला की लाव. दाराखालच्या फटीला कापडाची वळकटी चालेल, पण त्या खोलीत विस्तव नसेल तरच. फरशीवर सतरंजी टाक. आजोबांना मधुमेहामुळे पायाला चटका कळत नाही, म्हणून त्यांना गरम पाण्याची पिशवी देऊ नकोस, लोकरीचे मोजे दे. बाळाच्या अंगावर गोधडी घालू नकोस, झोपेत तोंडावर येते. त्याला अंगडी एकावर एक घाल.

गोधडी तुझ्यासाठी आहे. माझ्या सहा नऊवारींची शिवली आहे. थरांमध्ये हवा अडकते, तीच ऊब धरते. लोखंडी पेटीत सगळ्यात वर ठेवली आहे. उद्या दुपारी गच्चीवर तिला ऊन दाखव, संध्याकाळच्या आत खाली आण आणि उबदार आहे तोवरच अंथर.