कापडी फूल : एक प्रॅक्टिकल

जर्नलमध्ये आपण सगळे निष्कर्ष आधी लिहितो आणि रीडिंग मागाहून, तसंच इथेही करते. निष्कर्ष: कापडी फुलातला सगळा प्रॉब्लेम कडेचा असतो. कापड म्हणजे उभे-आडवे धागे एकमेकांत अडकवलेले. कात्री लागली की कडेचे धागे मोकळे होतात आणि संध्याकाळपर्यंत पाकळीच्या दशा निघतात. ती कड बंद करता आली की फूल आलंच.

यंदा गॅदरिंगच्या ग्रुप डान्सला ९ अंबाडे होते, म्हणजे ९ फुलं हवीत. खरे गजरे आपला नंबर येईपर्यंत माना टाकतात, हे मागच्या वर्षी पाहिलं होतं. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये केसात फूल म्हणजे डायरीत रिमार्क. त्यामुळे ही हौस जरा उशिराच सुचली.)

पहिली पद्धत सगळ्यांना माहीत असलेली, मेणबत्तीची. त्याला साटीन लागतं. पण साटीन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नव्हे. स्वस्तात मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर, आणि ते साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं. पाकळी ज्योतीच्या बाजूला, थोडी लांब धरली की कडेचे धागे वितळून एकमेकांना चिकटतात. वर पाकळी आपोआप वळते ती वेगळीच गंमत. धागा कारखान्यात ताणून बनवलेला असतो, उष्णता लागली की तो आकसतो. ज्योतीकडची बाजू जास्त आकसते, म्हणून पाकळी तिकडे वाकते. फर्स्ट इयरची बायमेटॅलिक स्ट्रिप आठवा, जवळपास तसंच.

इथपर्यंत थिअरी. प्रत्यक्षात माझ्याकडच्या एका तुकड्यात सुती धागा मिसळलेला निघाला. सुती वितळत नाही, सरळ पेटतं. मी दचकून हात झटकला आणि वितळलेल्या पॉलिएस्टरचा थेंब बोटाला चिकटला. गरम चहा सांडला तर निथळून तरी जातो, हा थेंब जागेवर बसून भाजत राहतो. तो ओढून काढायचा नाही, कातडी सोबत येते. २० मिनिटं नळाखाली हात धरला आणि मग दवाखाना.

मेणबत्ती रेक्टर मॅडमनी जप्त केली. तेव्हा राग आला होता. पण रूममध्ये दोन मच्छरदाण्या, दोरीवर वाळणाऱ्या ओढण्या आणि त्याच्याखाली आम्ही ज्योत घेऊन बसलेलो! मॅडमचंच बरोबर होतं.

मग दुसरी पद्धत. कड वितळवायची नाही, लपवायची. मॅचिंग सेंटरमधला टू बाय टू किंवा घरात पडून असलेला सुती ब्लाउजपीस चालतो. एकातून सगळ्या ४५ पाकळ्या निघून कापड उरतं. बांगडी ठेवून पेन्सिलीने सुमारे ६ सेंटीमीटरचे ५ गोल काढा आणि कापा. प्रत्येक गोल अर्धा दुमडा. घडी शक्यतो उरेब घ्या, म्हणजे धाग्यांशी ४५ अंशांत. त्या दिशेने कापड थोडं ताणलं जातं, म्हणून पाकळी कडक न दिसता गोलसर बसते. आता गोलाईच्या कडेने धावदोरा घालून दोरा ओढा. चुण्या पडून पाकळी तयार. दोरा न तोडता त्यातच पुढची ओवा. पाच झाल्या की शेवटची पहिलीला जोडून गाठ मारा. उघड्या कडा सगळ्या मध्यभागी जातात, तिथे वरून मणी किंवा बटण टाका. बाहेर दिसते ती फक्त घडी, आणि घडीच्या दशा निघत नाहीत. कापड फारच लुळं असेल तर कापण्याआधी खळ करून इस्त्री मारा.

चापाला फूल बसवणं हा भाग सगळे घाईत उरकतात. गुळगुळीत पत्र्यावर ग्लू धरतो, पण फुलाची एक बाजू उचलली गेली की तो टोकापासून सोलत जातो. त्यात बोटांना केसांचं तेल असेल तर बघायलाच नको. जुन्या जीन्सचा रुपयाएवढा गोल कापून फुलाच्या मागे शिवा आणि चाप त्याला दोऱ्याने चारपाच वेळा गुंडाळून टाचा.

आमची ८ फुलं अशी शिवलेली होती. नवव्याला वेळ उरला नाही म्हणून ग्लू लावला. ते माझं. पहिल्याच गिरकीला उडालं आणि नंतर साउंडवाल्याच्या खुर्चीखाली सापडलं. चाप मात्र केसातच होता.