रात्री काय बघतेस, मने?

मने, परवा तू मोठ्या ऐटीत सांगितलंस, ‘टेरिफायर’चे तिन्ही भाग ओळीने बघितले आणि एकदाही डोळे मिटले नाहीत. होस्टेलच्या पोट्ट्या थक्क झाल्या म्हणे. आई शेजारी होती म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता दोघीच आहोत, तर ऐक. रागावणार नाही. भुताखेताचे सिनेमे मलाही मनापासून आवडतात, आणि आवडतात म्हणूनच हे बोलायचंय.

तुझं ते ‘मला काहीच होत नाही’ मला खटकलं. आधी बोट तुटतं, तू दचकतेस. मग हात. मग करवत येते. दर वेळी जास्त लागतं, कारण मागच्याची सवय झालेली असते. तू याला धीट होणं म्हणतेस. मला ते बधिर होणं वाटतं गं.

धीट कोण, हे तुला ठाऊक आहे. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन मिळते तेव्हा बाबा वावरात जातात. तूही गेली आहेस त्यांच्यासोबत. बॅटरीचा उजेड धुऱ्यापर्यंत पोचतो, त्यापुढे नुसता काळोख. दांडातलं पाणी एका सुरात वाहत असतं आणि मधेच तो सूर बदलतो. दांड फुटला असेल. रोही पाण्यात उतरला असेल. बिबट्याही डोक्यात येऊन जातो. बाबा काठी आपटतात, मोठ्यानं खाकरतात, मोबाईलवरचं भजन वाढवतात. त्या दोन मिनिटांत डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण अंगावरचा केसन् केस उभा असतो. चांगला भयपट नेमका तो सूर बदलण्याचा क्षण पकडतो आणि आपल्याला तिथेच थांबवून ठेवतो.

1942 साली हॉलिवूडमध्ये ‘कॅट पीपल’ नावाचा सिनेमा निघाला. व्हॅल ल्यूटन निर्माता, जाक तुर्नर दिग्दर्शक. एक बाई काळ्या बिबट्याचं रूप घेते की काय, अशा संशयाची गोष्ट. हाताशी पैसा बेताचा, त्यामुळे सगळी मदार सावल्यांवर आणि आवाजांवर. त्यात एक मुलगी रात्री बागेच्या भिंतीकडेनं एकटी चाललेली असते. टाचांचा आवाज दोघींचा येतो, तिचा आणि मागून येणारीचा. मग मागचा आवाज थांबतो. बस्, एवढंच. ती वळून बघते, रस्ता रिकामा. ती पाय उचलते. आणि एकदम फिस्स करून कानाशी काहीतरी येतं, ती बस असते! तळेगावला हायवेवर उतरून आष्टीच्या गाडीची वाट बघत उभी राहिलेली कुठलीही मुलगी तो प्रसंग बघून श्वास रोखेल. तिथे रक्ताचा थेंब नाही. मुलीच्या जातीला अंधारात चालताना काय वाटतं, हे मात्र त्यात पुरतं उतरलंय.

‘सायको’चं नाव तू ऐकलंच असशील. 1960 चा, हिचकॉकचा. न्हाणीघरातला तो खून जेमतेम पाऊण मिनिटाचा, पण चित्रीकरणाला सात दिवस लागले. सिनेमा कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चालून गेलं. सुरीचा आवाज खरबूज भोसकून काढला. कारागिरी मोठीच, पण माझ्या काळजात तो प्रसंग रुतला तो दुसऱ्याच कारणानं. त्याआधीचा जवळजवळ पाऊण तास आपण त्या मेरियनसोबत घालवलेला असतो. तिनं मालकाचे पैसे लांबवलेत, पावसात गाडी हाकलीय, पोलिसाला बघून घाम फुटलाय. शेवटी ती ठरवते, उद्या परत जायचं आणि निस्तरायचं. मग ती अंघोळीला जाते. म्हणून ते मरण आपल्याला लागतं. आता तू सांग, ‘टेरिफायर’मध्ये करवतीनं चिरलेल्या त्या मुलीचं नाव काय होतं? आठव बरं. नाही ना आठवत? तू तिला मरताना बघितलंस, पण तिची तुझी ओळखच कुणी करून दिली नाही.

आपल्या गावात तर हे कळायला हवं गं. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, गावची माणसं पडली, पोलिसही मारले गेले. आष्टीच्या नावाला ‘शहीद’ जोडलं गेलं ते त्या दिवसामुळे. आपली आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा अमका कुणाचा मुलगा, तमक्याचं घर कोणत्या गल्लीत, हे आधी यायचं. गोळी कुठे लागली, किती रक्त सांडलं, यात ती कधी शिरली नाही. तरी आपण दोघी चिडीचूप व्हायचो. आणि आता हायवेवर अपघात झाला की तासाभरात त्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागतो. परवा तू तो चहा पिता पिता बघितलास आणि पुढे सरकवलास. मला खरी काळजी लागली ती तिथे. सिनेमातलं रक्त खोटं असतं हे तुला कळतं, मान्य. पण ज्या अंगठ्यानं ते बघितलं जातं, त्याच अंगठ्यानं हे खरंही सरकवलं जातंय.

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ 1984 चा, आणि त्यात भीतीपेक्षा रंगवलेला चेहराच जास्त. उलट 2018 चा ‘अ क्वाएट प्लेस’ बघ, आवाज झाला की मरण, एवढ्या एका अटीवर त्यांनी सगळा सिनेमा तोलून धरलाय. ‘सॉ’चा 2004 चा पहिला भागही मला आवडला होता. दोन माणसं, एक बंद खोली आणि एक कोडं. पुढच्या भागांत कोडं मागे पडत गेलं आणि यंत्रं वाढत गेली.

आपल्याकडचं बघायचं तर ‘हा खेळ सावल्यांचा’पासून सुरुवात कर. 1976 चा सिनेमा, वसंत जोगळेकरांचा. आशा काळेंचा भेदरलेला चेहरा आणि त्यातलं गाणं, एवढ्यावर रात्र जड होते. मग ‘तुंबाड’. राही बर्वेला त्याचं बीज मिळालं ते आपल्या विदर्भात, माहितीये? 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्रानं त्याला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि ती त्याच्या मनातून गेलीच नाही. सिनेमा यायला 2018 उजाडलं. रात्र, जंगल आणि सांगणारा माणूस, त्या गोष्टीला तेवढं पुरलं. त्यात किळसवाणंही आहे, नाही असं नाही, पण ते हावेच्या गोष्टीतूनच उगवतं, वरून लावलेलं नाही.

आणि ‘लपाछपी’. हा तू बघायलाच हवास. विशाल फुरियाचा, 2017 चा. पूजा सावंत दिवस भरत आलेली बाई आहे, नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहते. बरीचशी भीती भर दुपारच्या उन्हात घडते. चारी बाजूंनी ऊस, वाट कुठे फुटते ते कळत नाही, पोरांचे आवाज येतात आणि घरातली म्हातारी फार गोड बोलते. पुढे जे उघड होतं ते पोटातल्या मुलींबद्दलचं आहे. सिनेमा संपल्यावर मी भुताला घाबरले नव्हते. आपल्या ओळखीच्या किती घरांत ती म्हातारी बसलेली आहे, या विचारानं झोप लागली नाही. भीती अशी कामाला लावता येते.

आता दोन सांगायच्या गोष्टी. तू बघत असतेस तेव्हा आपला गोलू पांघरुणात शिरून बघतो, तुला माहीत आहे. थेटरात ‘ए’ शिक्का असला तर अठराच्या खालच्याला आत सोडत नाहीत, आता यूए मध्येसुद्धा 7, 13 आणि 16 अशा पायऱ्या केल्यात. मोबाईलला दार नाही, तिथे राखण तुलाच करावी लागेल. दुसरं, सिनेमातलं भूत सिनेमात राहू दे. उद्या गल्लीतल्या एखाद्या मुलीला झटका आला आणि बाया अंगात आलं, बाहेरचं आहे म्हणून मांत्रिकाकडे न्यायला निघाल्या, तर तू मधे पडायचंस आणि डॉक्टरकडे न्यायला लावायचंस. 2013 पासून आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तेही ठणकावून सांगायचं. एवढे सिनेमे बघितलेल्या पोरीला त्या वेळी भ्यायचं कारण नाही.

आणि पैज म्हणून काही बघू नकोस. कुणी ‘बघून दाखव’ म्हटलं तर मोबाईल ठेवून सरळ उठ. मळमळलं, नको वाटलं, तर ते कमीपणाचं नाही, तुझं मन शाबूत असल्याची खूण आहे ती.

रविवारी ‘लपाछपी’ लावू. आवाज मात्र मोठा ठेवायचा, कारण त्यात निम्मं काम आवाजाचं आहे, आणि मोबाईलवर नाही, बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर. वहिनीला बोलवायच्या आधी विषय सांगून ठेव, तिला सातवा लागलाय. ती नको म्हणाली तर आग्रह करू नकोस, दोघीच बघू. मला त्याच्या शेवटाबद्दल तुझ्याशी वाद घालायचाय.