मुळात दडलेला सुगंध : हिमालयातील जटामांसी आणि कुठ

दिवाळीचे उटणे, केसांचे तेल आणि वैद्यांचे काढे यांत वापरली जाणारी जटामांसी महाराष्ट्रातील कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. बोटभर लांबीच्या, काळपट-तांबूस, केसाळ अशा या मुळ्या पुडीत बांधून देताना त्या कोठून आल्या हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारीत नाही. सह्याद्रीत ही वनस्पती उगवत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर, जेथे वृक्षांची हद्द संपते आणि केवळ गवताळ कुरणे, खडक व ठेंगणी झुडपे उरतात, तेथे ती वाढते. उत्तराखंड, हिमाचल प्रदेश व सिक्कीम ही तिची भारतातील, तर नेपाळ, भूतान व नैर्ऋत्य चीन ही भारताबाहेरील ठिकाणे होत. गढवाल-कुमाऊँमध्ये या उंच कुरणांना ‘बुग्याल’ म्हणतात.

बुग्यालवर वर्षातील बराच काळ बर्फ असतो. वाढीसाठी मिळणारे महिने मोजकेच. त्या अवधीत तयार झालेले अन्न वनस्पती जमिनीखालील जाड खोडात, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील मूलक्षोडात, साठवून ठेवते. हिवाळ्यात वरची पाने मरतात. मूलक्षोड जिवंत राहते व पुढील वर्षी त्यातूनच नवे कोंब येतात. जटामांसीचा सुगंध आणि औषधी द्रव्येही तेथेच असतात. या प्रश्नाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. तुळस किंवा गवती चहा कापला तरी पुन्हा फुटतो; जटामांसी काढणे म्हणजे ती उपटणे होय.

तेल काढण्याची रीत साधी आहे. वाळलेल्या मुळ्यांचे तुकडे पात्रातील जाळीवर पसरून खालून वाफ सोडतात. वाफेबरोबर बाष्पनशील तेल वर येते, थंड पाण्याने वेढलेल्या नळीत त्याचे पुन्हा द्रव होते आणि साठवणीच्या भांड्यात तेल पाण्यावर तरंगू लागते. मुळे कठीण असल्याने हे ऊर्ध्वपातन तासन् तास चालवावे लागते. शंभर किलो वाळलेल्या मुळ्यांतून साधारणपणे एक ते दोन किलो तेल हाती येते. एका किलोमागे किती झाडे उपटली गेली, याचा हिशेब मात्र कोणत्याही पावतीवर नसतो.

हा व्यापार नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भारतीय बंदरांतून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालात नार्द, म्हणजे जटामांसी, नमूद आहे. त्या बंदरांत भडोचही होते. योहानच्या शुभवर्तमानातील सुगंधी तेल याच नार्दाचे होते. त्याची किंमत तेथे तीनशे दिनार सांगितली आहे. दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी समजली जाई. पुढे सर विल्यम जोन्स यांनी प्राचीनांचे नार्द कोणते याचा शोध घेऊन १७९० मध्ये लेख प्रसिद्ध केला. पण त्यांनी जटामांसीला दिलेले शास्त्रीय नाव आज तगरीच्या नावे रूढ आहे. ही तगर म्हणजे मराठी अंगणातील पांढऱ्या फुलांचे झुडूप नव्हे. बाजारात ‘तगर गंठोडा’ म्हणून मिळणारी ती कमी उंचीवरील हिमालयी वनस्पती होय. नावांचा हा गोंधळ वनस्पतिशास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहिला असता तर बिघडले नसते. परंतु वाहतूक परवान्यावर एक नाव आणि पोत्यात दुसरी मुळी, अशी संधी त्यातून निर्माण होते.

खोदणाऱ्यांची अडचण

नेपाळच्या जुम्ला, हुम्ला, डोल्पा या जिल्ह्यांत शेती तुटपुंजी आहे. वर्षभराचे धान्य सर्वच घरांत पिकत नाही. मीठ, तेल, कापड, मुलांच्या वह्या यांसाठी रोख पैसा लागतो आणि तो औषधी मुळ्यांतून मिळतो. माणसे वर कुरणांवर राहुटीत किंवा खडकाच्या आडोशाला राहतात, मुळ्या खोदून वाळवितात. पुढे हा माल खेचरांवरून खाली येऊन नेपाळगंजमार्गे भारतातील मोठ्या पेठांकडे जातो. खोदणाऱ्याच्या हाती पडणारा भाव आणि पेठेतील भाव यांत मोठे अंतर असते.

बी पिकून गळाल्यावर, शरद ऋतूत मुळ्या काढल्या, तर निदान पुढची पिढी रुजण्यास वाव राहतो. हे त्या लोकांना ठाऊक नाही असे समजणे चुकीचे ठरेल. पण कुरणावर कोणाचाच निश्चित हक्क नसेल, तर थांबणारा मागे पडतो. आधी पोहोचणारा सारे घेऊन जातो. त्यामुळे खोदणी दर वर्षी थोडी अलीकडे सरकते. शे-फोक्सुंडो राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील अभ्यासांतून असे दिसून आले की, एका जागेतील थोडीच झाडे काढून ती जागा काही वर्षे मोकळी सोडली तरच साठा टिकतो. असा नियम पाळला जाणे हे त्या कुरणाचा कारभार कोणाकडे आहे, यावर अवलंबून असते.

वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात जटामांसीचा समावेश १९९७ मध्ये झाला. जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या सूचीत ती अतिसंकटग्रस्त गणली आहे. नेपाळने कच्च्या मुळीच्या निर्यातीवर बंधन घालून प्रक्रिया केलेल्या मालाला वाट दिली. मालाचे मोल गावाजवळच वाढावे हा हेतू योग्यच. तथापि भट्टी पेटविण्यास सरपण लागते आणि उंचावर जंगल विरळ असते, हेही विसरून चालत नाही.

कुठाची शेती

कुठ, संस्कृतातील कुष्ठ, हिला मराठी बाजारात कोष्ठ किंवा उपलेट म्हणतात. ती हिमालयात जन्मते असे अथर्ववेदही सांगतो. काश्मीरमधील कुठाची मुळे धूपासाठी दीर्घकाळ चीनकडे जात. रानातील कुठ इतकी घटली की १९७५ मध्ये साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात असलेली ही वनस्पती १९८५ मध्ये पहिल्या परिशिष्टात गेली. तथापि हिमाचलातील लाहौल खोऱ्यात १९२० च्या दशकापासून तिची शेती होत आली होती. तेथील शेतकऱ्यांना तिने रोख उत्पन्न दिले. भाव उतरल्यावर मात्र बरेच जण बटाटा व वाटाण्याकडे वळले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९९१ मधील दुरुस्तीने ज्या सहा वनस्पतींना संरक्षण मिळाले त्यांत कुठ होती व तिच्या लागवडीस परवाना आवश्यक ठरला. लागवडीने वनस्पती वाचली. पण आपला माल रानातील नसून शेतातील आहे, हे सिद्ध करण्याचे ओझे शेतकऱ्यावर आले. हे कागद जेथे सुलभपणे मिळतात तेथेच अशी शेती वाढू शकते.

जटामांसीच्या लागवडीवरही काम झाले आहे. गढवालमधील श्रीनगर येथे १९७९ मध्ये उच्चपर्वतीय वनस्पतींच्या अभ्यासासाठी केंद्र स्थापन झाले. मात्र लावलेली जटामांसी काढणीस येण्यास काही वर्षे जातात आणि रानातली मुळी तर फुकट मिळते. तोपर्यंत शेतकऱ्याने थांबावे कसे, हा प्रश्न उरतोच.

सगळ्याच पहाडी तेलांचे असे नाही. नेपाळमध्ये मध्यम उंचीवर धसिंगरे नावाचे झुडूप असते. त्याच्या पानांपासून काढलेले तेल मुख्यत्वे मिथाइल सॅलिसिलेटचे असते. वेदनाशामक मलमांना येणारा वास याच द्रव्याचा. हे तेल पाण्याहून जड असल्याने भांड्यात तळाशी बसते. पाने खुडली तरी झुडूप पुन्हा फुटते, म्हणून सामुदायिक वनांना हा धंदा अधिक मानवतो.

सह्याद्रीसाठी

नरक्याच्या बाबतीत असेच घडले. कर्करोगावरील औषधांना आधारभूत असलेले कॅम्प्टोथेसिन या झाडात आढळते. पश्चिम घाटात त्यासाठी अख्खी झाडे तोडून त्यांचे तुकडे विकले गेले. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार ग्रामपंचायतींना जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक साधने नेणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकारही तिला आहे. समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करताना वनस्पतींच्या नावांची यादी करून थांबू नये. शाळेतील शिक्षक व गावचे वैदू यांच्या साहाय्याने प्रत्येक नावापुढे तीन रकाने भरता येतील : कोणता भाग काढला जातो, बी कोणत्या महिन्यात गळते आणि तो भाग काढल्यावर झाड जगते की मरते.