सरमिसळ पेशींचा हिशोब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पेशींविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण प्रश्न हिशोबाचाच आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या निदानात ठरावीक पेशींना चमकणारा रंग लावून प्रत्येक पेशीची चमक यंत्राने मोजतात. बिनरंगी पेशीही थोड्या चमकतात. त्यामुळे दोन्ही गटांचे वक्र एकमेकांवर येतात. मध्ये रेषा आखून पलीकडच्या पेशी नुसत्या मोजल्या, तर चूक होते.

समजा, निव्वळ बिनरंगी नमुन्यात ५ टक्के पेशी रेषेपलीकडे जातात, निव्वळ रंगीत नमुन्यात ८० टक्के आणि मिश्र नमुन्यात ३५ टक्के. रंगीत पेशींचा हिस्सा क्ष मानू.

०.८० क्ष + ०.०५ (१ − क्ष) = ०.३५
∴ क्ष = ०.४०

म्हणजे खरा हिस्सा ४० टक्के.

निव्वळ नमुने हाती नसतील, तर काम कठीण होते. तरीही कार्ल पिअर्सन यांनी १८९४ मध्ये नेपल्सच्या खेकड्यांच्या मापांचा एक वक्र दोन वक्रांत विभागून दाखवला.

या रीतीने गटाचा हिस्सा कळतो; सीमेवरची एखादी पेशी कोणत्या गटातली, हे खात्रीने सांगता येत नाही. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आम्हां मच्छेकरांना हे सहज पटावे.