बाहूंच्या बळावर

पुणे जिल्ह्यातील शिरूर हे गाव घोड नदीच्या तीरावर वसले आहे, तर दौंड हे भीमेच्या तीरावर. नदीकाठच्या अशा गावांत पूर्वी मुलाच्या पाठीला सुकलेला भोपळा बांधून वडील माणसे त्याला पाण्यात सोडीत आणि काठावरून ओरडून सांगत, "हातपाय मार!" जो हातपाय मारतो तो तरतो, ही गोष्ट त्या मुलाला मग जन्मभर विसरता येत नसे. परंतु ज्याचे पायच हलत नाहीत, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने आपल्या कृतीने दिले. त्यांचे नाव मुरलीकांत पेटकर.

मुरलीकांतांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. हा सारा मुलूख कुस्तीचा. तांबड्या मातीत घुमणारे शड्डू ऐकतच तेथील मुले वाढतात. मुरलीकांतांनाही लहानपणापासून कुस्तीची आवड होती. पुढे लहान वयातच ते सैन्यात दाखल झाले. सैन्यातील वाहने व यंत्रे यांची देखभाल करणाऱ्या ई. एम. ई. दलात ते जवान होते. तेथे त्यांनी मुष्टियुद्धाचा अभ्यास केला. रोज पहाटे उठावे, धावावे, अंग घामाने निथळेपर्यंत सराव करावा, असा त्यांचा क्रम असे. या परिश्रमांचे चीज झाले. १९६४ साली जपानमधील टोकियो येथे सेनादलांचा आंतरराष्ट्रीय क्रीडामेळावा भरला, त्यात मुष्टियोद्धा म्हणून भारतातर्फे उतरण्याचा मान त्यांना मिळाला.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली, भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले. त्या युद्धात मुरलीकांतांना शत्रूच्या अनेक गोळ्या लागल्या. त्यांचे प्राण वाचले. पण पाठीच्या कण्याला झालेल्या इजेमुळे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत पोहोचतो तो कण्यातील मज्जारज्जूवाटे. ती वाट तुटली, म्हणजे पाय जागेवर असूनही हलत नाहीत. ज्या पायांवर उसळी घेऊन मुष्टियोद्धा ठोसा हाणतो, ते पाय आता निश्चल झाले होते. ऐन तारुण्यात आलेला हा प्रसंग एखाद्याचे मन खचवून टाकण्यास पुरेसा होता.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार चालू होते. उपचारांचाच एक भाग म्हणून त्यांना पोहण्यास सांगण्यात आले. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर उचलून धरते, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकतो. जमिनीवर जे शरीर स्वतःचा भार पेलू शकत नव्हते, त्याचा भार पाण्याने उचलला. तरीही ते पोहणे सोपे नव्हते. निरोगी माणूस पोहताना पायांनी पाणी मागे लोटतो आणि शरीर आडवे राखतो. मुरलीकांतांचे पाय मात्र नुसते मागे ओढले जात. पुढे जाण्याचे आणि तोल सांभाळण्याचे, ही दोन्ही कामे खांद्यांना आणि बाहूंनाच करावी लागत. मुष्टियुद्धाने ते बाहू मजबूत केले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रोज न चुकता सराव करण्याची जुनी सवय त्यांच्या अंगी होती. गोळीने त्यांचे पाय हिरावले, पण ही सवय तिला हिरावता आली नाही.

याच काळात जगात एक नवी चळवळ मूळ धरीत होती. लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ साली जर्मनी सोडून इंग्लंडला आले. स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर ते उपचार करीत. अशा रुग्णांनी खाटेवर पडून दिवस मोजू नयेत, त्यांनी खेळावे, असे त्यांचे मत होते. १९४८ साली लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी गुटमान यांनी रुग्णालयाच्या आवारात चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या सोळा रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. या लहानशा बीजातून पुढे दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा, म्हणजे पॅरालिंपिक, उभ्या राहिल्या. १९६० साली रोम येथे त्या प्रथम भरल्या.

मुरलीकांतांना हा मार्ग सापडला. प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट हे अपंगांसाठी मोठे कार्य करीत. त्यांचे साहाय्य मुरलीकांतांना लाभले. १९६८ साली इस्राएलमधील तेल अवीव येथे भारताने पॅरालिंपिकमध्ये प्रथमच भाग घेतला. त्या वेळी ते टेबल टेनिस खेळले. पण पदक मिळाले नाही. त्यांनी उमेद सोडली नाही. सराव चालूच राहिला.

१९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे या स्पर्धा भरल्या. पन्नास मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत मुरलीकांत पाण्यात उतरले. आपल्यासारखीच शारीरिक अवस्था असलेल्या जलतरणपटूंशी त्यांची चुरस होती. केवळ ३७.३३ सेकंदांत त्यांनी अंतर कापले आणि नवा जागतिक विक्रम नोंदवून सुवर्णपदक जिंकले! पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिलेच पदक होते. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळण्यास भारताला २००८ सालापर्यंत वाट पाहावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाचे मोल कळते.

परंतु पराक्रमाची वार्ता सर्वत्र पोहोचतेच असे नाही. पदक जिंकून आलेले मुरलीकांत पुण्यास टेल्को कारखान्यात नोकरी करू लागले. वर्षे लोटली. कित्येक लोकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते. २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले, तेव्हा हायडेलबर्गच्या विजयाला शेहेचाळीस वर्षे झाली होती. पुढे जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कारही मिळाला.

दरम्यान त्यांनी दाखविलेली वाट रुंदावत गेली. १९७२ साली हायडेलबर्गला भारताला एकच पदक मिळाले होते. २०२४ साली पॅरिस येथे भारतीय खेळाडूंनी एकोणतीस पदके मिळविली. त्यांपैकी गोळाफेकीतील एक रौप्यपदक सचिन खिलारी यांनी मिळविले. तेही सांगली जिल्ह्याचेच! लहानपणी झालेल्या अपघाताने त्यांचा एक हात अधू झाला. पण दुसऱ्या हाताने त्यांनी गोळा १६.३२ मीटर दूर फेकला.

गेलेले परत येत नाही, हे खरे. मुरलीकांतांचे पायही परत आले नाहीत. परंतु जे गेले त्याचा शोक करीत बसण्याऐवजी जे उरले त्याची त्यांनी मशागत केली. जो हातपाय मारतो तो तरतो, असे नदीकाठची माणसे म्हणत. पाय साथ देत नसतील, तर नुसत्या हातांनीही पैलतीर गाठता येतो, हे मुरलीकांत पेटकरांनी जगाला दाखवून दिले.

स्वाध्याय

१. युद्धापूर्वी मुरलीकांत कोणता खेळ खेळत? त्याचा पुढे त्यांना कसा उपयोग झाला?
२. पाय न हलवता पोहणे कठीण का असते?
३. 'गोळीने त्यांचे पाय हिरावले, पण ही सवय तिला हिरावता आली नाही.' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
४. 'चीज होणे', 'उमेद न सोडणे' व 'मूळ धरणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.