रिकीब
(इयत्ता चौथी)

घोडेस्वार ज्या कडीत पाय ठेवतो तिला रिकीब म्हणतात. ती खोगिराच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या वादीने लोंबते. खोगीर पोटाखालून तंगाने आवळतात. तंग सैल राहिला तर स्वार खोगिरासकट खाली! रिकिबीत पाय रोवला की भाला-तलवार चालवताना तोल जात नाही.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार घरचा आणी. आपल्या जिल्ह्यातल्या नेसरीला २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. सातहीजण कामी आले.

आमच्या गोठ्यात एक लोखंडी रिकीब आहे. आज्जा तिला दावी अडकवतो. भंगारवाला किलोवर मागत होता, मी दिली नाही. आज्जा म्हणतो, "एकटीच हाय, जोडी मोडलीया." तुमच्याकडे माळ्यावर अशी कडी असेल तर बघा. तळ सपाट आणि रुंद, वर वादी ओवायला फट असते. भंगारात घालण्याआधी शाळेत आणा. गुरुजींनी कपाटाचा खालचा कप्पा मोकळा करून दिलाय.