जोरदार फलंदाज आणि चेंडूची पारख

बेसबॉलच्या मैदानावर एखाद्या तरुणाने कुंपणापलीकडे चेंडू टोलवला की प्रेक्षक हर्षभरित होतात आणि प्रशिक्षकाच्या आशा पल्लवित होतात. तथापि अशा बलवान तरुणांपैकी अनेकांची वाटचाल खालच्या श्रेणीतच थांबते. त्यांना बळ कमी पडत नाही. कोणता चेंडू मारावा व कोणता सोडावा, ही पारख कमी पडते.

नियम काय सांगतो

फलंदाजासमोरील होम प्लेट १७ इंच रुंद असते. तिच्यावरून, गुडघ्यापासून साधारणतः छातीपर्यंतच्या उंचीतून गेलेला चेंडू सोडला तरी तो 'स्ट्राइक' ठरतो. याबाहेरचा चेंडू सोडल्यास 'बॉल' धरला जातो. परंतु त्यावर बॅट फिरवून तो हुकला, तर स्ट्राइकच मिळते. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद होतो आणि चार बॉल झाले की त्याला पहिला बेस विनासायास मिळतो. क्रिकेटमध्ये यष्टीबाहेरचा चेंडू सोडल्याने केवळ विकेट वाचते. बेसबॉलमध्ये सोडलेला चेंडू प्रत्यक्ष लाभ देतो.

ताशी ९० मैल वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापाशी येतो. त्यामुळे निर्णय चेंडू हातातून सुटताच घ्यावा लागतो. उतावळ्या फलंदाजाची सवय ओळखली की पिचर त्याला मारण्याजोगा चेंडू देतच नाही.

टेड विल्यम्सचा धडा

बोस्टन रेड सॉक्सचा थोर फलंदाज टेड विल्यम्स याने स्ट्राइकचे क्षेत्र ७७ चेंडूंच्या आकाराच्या घरांत विभागले होते. त्याच्या अंदाजाने आवडत्या घरातील चेंडूंवर त्याची सरासरी .४०० राहिली असती, तर खालच्या बाहेरील कोपऱ्यात ती .२३० पर्यंत घसरली असती. १९४१ साली त्याने .४०६ ची सरासरी व ३७ होमरन नोंदवले. त्या वर्षी तो १४७ वेळा चार बॉलवर पहिल्या बेसवर गेला आणि केवळ २७ वेळा स्ट्राइकवर बाद झाला. संयमाने बळ घटत नाही, हेच यावरून दिसते.

प्रशिक्षकाने काय करावे

१. 'हळू मार' असे सांगू नये. फटक्याचा जोर तसाच राहू द्यावा. निवड तेवढी सुधारावी.

२. सरावात फलंदाजाने बॅट न फिरवता उभे राहावे आणि चेंडू झेलला जाण्यापूर्वी 'स्ट्राइक' किंवा 'बॉल' असे मोठ्याने सांगावे.

३. पहिल्या दोन स्ट्राइक होईपर्यंत आपल्या आवडत्या जागेचाच चेंडू मारावा. दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र क्षेत्र वाढवावे.

४. नोंदवहीत केवळ फटके नव्हे, तर क्षेत्राबाहेरील किती चेंडूंवर बॅट फिरवली तेही लिहावे. चार बॉल मिळवणाऱ्यास होमरनइतकीच शाबासकी द्यावी.

५. संयम म्हणजे भित्रेपणा नव्हे. मारण्याजोगा चेंडू सोडणे हाही दोषच मानावा.

अलीकडचे उदाहरण

न्यूयॉर्क यँकीजचा ॲरन जज ऑगस्ट २०१६ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, सर्वोच्च श्रेणीत आला. त्या मोसमातील २७ सामन्यांत तो ४२ वेळा स्ट्राइकवर बाद झाला. चार बॉल केवळ ९ वेळा मिळाले आणि सरासरी.१७९ राहिली. २०१७ मध्ये त्याने ५२ होमरन मारले व १२७ वेळा चार बॉल मिळवले. त्याही वर्षी तो २०८ वेळा स्ट्राइकवर बाद झाला, ही गोष्ट प्रशिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. बाद होण्याचे प्रमाण एकदम नाहीसे होत नाही. पुढे २०२२ मध्ये ६२ होमरन मारून त्याने अमेरिकन लीगमधील १९६१ चा विक्रम मोडला.

पहिल्या अपयशावरूनच तरुणाला निकामी ठरवले असते, तर हे घडलेच नसते. बळ बहुधा निसर्ग देतो. पारख मात्र शिकवावी लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो.